पात्याला बोट

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या बैठकीचेही होते. प्रदर्शनाचे मात्र होत नाही. अमक्या सभागृहात प्रदर्शन भरले, तमक्या पाहुण्यांनी फीत कापली, नागरिकांनी मोठ्या संख्येने लाभ घेतला, एवढे छापून आले की काम संपले. त्यातून प्रदर्शन शस्त्रांचे असले, तर टीकाकाराची लेखणी आपण होऊनच म्यान होते. शिवकाळाचे नाव निघाल्यावर गुणदोष कसले काढायचे, असे भल्याभल्यांना वाटते. मला गुणदोष काढायचे आहेत ते तलवारींचे नव्हेत. त्या पाहायला जाणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांचे, आणि थोडेसे त्या मांडणाऱ्यांचे.

आमचे सोमेश्वरनगर म्हणजे साखर कारखान्याचे गाव. करंज्याच्या सोमेश्वराचे नाव कारखान्याला आणि तेच या वस्तीला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, चहूकडे ऊस, आणि हंगामात रस्त्याला लागलेली बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग. असल्या गावात शस्त्रांचा शौक कोणाला असणार, असे पुण्याचे पाहुणे विचारतात. पण शिवजयंतीच्या सुमारास आमच्या पंचक्रोशीत, इकडे नीरा-लोणंद आणि तिकडे थेट बारामतीपर्यंत, कोठे ना कोठे शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात शस्त्रप्रदर्शन भरतेच. एखादा संग्राहक टेंपोत गाद्या घालून तलवारी, पट्टे, कट्यारी, भाले आणि ढाली घेऊन येतो, टेबलांवर भगवे कापड अंथरतो, दोन दिवस उभ्याने तेच तेच सांगतो आणि घसा बसवून घेऊन परत जातो. मी पेशाने शिक्षक, आता निवृत्त. जुनी पाती पाहण्याचा छंद पहिल्यापासूनचा, त्यामुळे अशी प्रदर्शने पुष्कळ पाहिली. माझ्यापाशी स्वतःची तलवार एकही नाही. अडकित्ते आहेत, वस्तरे आहेत, दोन जुन्या विळ्या आहेत. आणि घरच्या मंडळींच्या मते एवढी अडगळ पुष्कळ झाली.

प्रदर्शनाला येणारी मंडळी आता मला चेहऱ्यावरून ओळखू येतात. एक गृहस्थ येतात ते हात लावायलाच. समोर 'हात लावू नये' अशी पाटी असते, आणि पाटीवर कोपर टेकवून ते पात्यावरून अंगठा फिरवत असतात. 'धार राहिलीय का बघतो' हे त्यांचे स्पष्टीकरण. दुसरे येतात छबी काढून घ्यायला. त्यांना तलवार पाहायची नसते, तलवारीबरोबर दिसायचे असते. तिसरे किंमत विचारतात आणि आकडा ऐकून 'भंगारात गेलं असतं' असे म्हणतात. चौथ्यांच्या घरी नेमकी अशीच तलवार असते, फक्त याहून मोठी, आणि ती आजोबांनी विहिरीत टाकलेली असते. या चौथ्या गृहस्थांवर मात्र माझा लोभ आहे. दहांतल्या एकाच्या सांगण्यात तथ्य असते, आणि संग्राहकाला पुढची वस्तू नेहमी अशाच माणसाकडून कळते. त्यांचे एवढेच चुकते की मागे तीस माणसे खोळंबली आहेत हे त्यांना दिसत नाही. टेबल अडवून गप्पा मारू नयेत. संग्राहक जेवायला बसेल तेव्हा त्याच्या शेजारी बसून खुशाल विहिरीपर्यंत जावे.

हात का लावू नये, हे सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. पाटी लावली की संपले. म्हणून ती कोणी मानत नाही. कारण अगदी साधे आहे. आपल्या बोटांवर घाम असतो, घामात मीठ असते. जुन्या पोलादावर बोट टेकले की तेवढ्या जागी मिठाचा ओलसर ठसा उमटतो. त्या दिवशी तो दिसत नाही. आठ-पंधरा दिवसांनी तेथे तांबूस डाग येतो, आणि पावसाळी हवा असली तर त्याहून लवकर. नीट पाहिले तर त्या डागात बोटाच्या रेषासुद्धा मोजता येतात. तो पुसून जात नाही, कारण तेवढे लोखंड खाल्ले गेलेले असते. तीनशे वर्षे तग धरलेल्या पात्यावर एका शनिवार-रविवारात शेदोनशे अंगठे फिरतात. संग्राहक रात्री प्रत्येक पाते फडक्याने पुसून तेलाचा हलका हात देतो तो याच धास्तीने. त्याच्या घरी जाऊन पाहिलेत तर तलवार एकीकडे आणि म्यान दुसरीकडे ठेवलेले आढळेल. म्यानाचे कातडे ओल धरून ठेवते, आणि ते कमावताना वापरलेले क्षार पात्याला सोडत नाहीत.

म्यानावरून आठवले. तलवार उपसून पाहण्याची हौस तर कोणालाच आवरत नाही. जुने म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या सरसाने चिकटवलेल्या, वरून कातडे नाहीतर मखमल. दोनशे वर्षांत सरस सुकून भुगा झालेला असतो. म्यानाभोवती मूठ आवळून तलवार ओढली तर धार फळ्यांच्या सांध्यातून बाहेर येते आणि बोटे कापते. म्यान पाठीच्या बाजूने धरायचे, धारेच्या अंगाला बोटे न्यायचीच नाहीत, हे माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांतला फरक तलवार हातात घेतल्याक्षणी कळतो. गाणाऱ्याने तंबोरा कसा उचलला यावरून जसे कळते, तसाच. आणि कोणी विश्वासाने हातात दिलीच, तर ती घ्यावी दोन्ही हातांवर, मूठ एका हातात आणि पाते दुसऱ्या हातातल्या रुमालावर. परत देताना मूठ त्याच्याकडे, धार आपल्याकडे. हवेत वार करून पाहू नये. पंख्याखाली तर नाहीच नाही.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल की मास्तरांनी साहेबांची रीत आणली. साहेबांकडेही रीत आहे, ती पुढे सांगतो. पण आपल्याकडची मला पहिल्यांदा कळली ती स्वयंपाकघरात. विळी हातातून हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसरीने उचलायची. हातात दिली की भांडण होते, असे आजी सांगत असे. कात्री रिकामी वाजवली तरी भांडण होते. चिरून झाल्यावर विळी उभी ठेवून उठलेले तर तिला मुळीच खपत नसे. आधी आडवी कर, मग पाहुण्याला पाणी दे. लहानपणी हे सारे आम्हांला भाबडेपणाचे वाटे. आता वाटते की या नियमांत भांडण हे केवळ निमित्त होते. लहान मुलांनी भरलेल्या घरात धारेची वस्तू दोन हातांच्या मध्ये अधांतरी राहता कामा नये, ही अक्कल होती. आणि अक्कल नुसती सांगून कोणी ऐकत नाही म्हणून तिला भांडणाची भीती जोडून दिली होती. शस्त्रप्रदर्शनाच्या दारात पाच शिस्तींचा फलक लावण्यापेक्षा एखादी आजी बसवावी असे मला पुष्कळदा वाटले आहे.

आता साहेबांची रीत. अमेरिकेत अटलांटा शहरी दरवर्षी केवळ चाकूसुऱ्यांची एक मोठी जत्रा भरते, 'ब्लेड शो' नावाची. हाताने सुऱ्या घडवणारे कारागीर आपापले टेबल मांडून बसतात आणि छांदिष्ट लोक लांबलांबून येतात. त्यांच्यात काही अलिखित संकेत आहेत. टेबलावरची सुरी विचारल्याशिवाय उचलायची नाही. उचलली तर होती त्याच जागी, होती त्याच दिशेने ठेवायची. पात्याला बोट लावायचे नाही. धार पाहण्यासाठी हातावरचे केस काढून दाखवायचे नाहीत. घेणार नसाल तर घेणाऱ्याला वाट द्यायची. एका कारागिराच्या टेबलावर बसून दुसऱ्याच्या सुरीचे गुणगान करायचे नाही, आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेली सुरी तेथे काढून दाखवायची तर त्याहून नाही. घासाघीस करायचीच तर माणसासारखी करायची. 'यात काय आहे, मी घरी करीन' हे वाक्य उच्चारायचे नाही. जपानात संकेत याहून कडक. तेथे तलवार पाहणारा आधी तिला वंदन करतो, मग एकेकट्याने पाहतो, आणि पात्यावर तोंडाची वाफ पडू नये म्हणून पाहताना बोलत नाही. न बोलता पाहणे! आमच्या शाळेच्या सभागृहात हे कल्पनेतसुद्धा बसायचे नाही. तिथे ध्वनिक्षेपकावर पोवाडा चालू असतो.

अटलांटाच्या या संकेतांत एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. त्यांतला प्रत्येक संकेत टेबलामागच्या माणसासाठी आहे. सुरीला मान आहे तो ती घडवणाऱ्याला मान आहे म्हणून. आपल्या प्रदर्शनात टेबलामागे कारागीर नसतो. तो कधीच गेला, आणि बहुतेक पात्यांवर त्याचे नावही नाही. टेबलामागे असतो तो राखणदार. त्यामुळे आपल्या पाहण्यात पराक्रम शिल्लक उरतो आणि घडण गळून जाते. तलवार कोणी धरली हे सगळे विचारतात. कोणी केली, कशी केली, तिच्याकडून काम कोणते घ्यायचे होते, हे विचारणारा विरळा. माझ्या मते प्रेक्षकाच्या सगळ्या असभ्यपणाचे मूळ येथे आहे. ज्याला वस्तूत काय पाहायचे हे कोणी सांगितलेले नाही तो हात लावणार नाही तर काय करणार?

आणि सांगणारेही भलतेच सांगतात. तलवारीचे वजन हा तर कळीचा विषय. वीस किलो, तीस किलो, असे आकडे मी चिठ्ठ्यांवर वाचले आहेत. साधी तलवार तराजूत घातली तर किलोच्या आगेमागे भरते. फार तर दीड किलो. लढणाऱ्याला ती तासन् तास चालवायची होती, उचलून दाखवायची नव्हती. उचलून दाखवायची ती वेगळी, आणि ती पाहायला आम्हांला दूर जावे लागत नाही. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा खंडा उचलण्याची चढाओढ लागते. तो खंडा सुमारे ४२ किलोंचा. कोणी तो हाताने तोलून धरतो, कोणी दातांत धरून उचलतो. पण तो देवाला वाहिलेला खंडा आहे, रणांगणावरचा नव्हे, हे जेजुरीतले शेंबडे पोरही जाणते. तेथे गर्दी दाटलेली असते, तरी मधली जागा मोकळी राहते, पाळी आल्याशिवाय कोणी पुढे होत नाही, आणि उचलणाऱ्याचा हात थरथरू लागला की मागचा माणूस आधीच तयार असतो. शिस्त शिकायला अटलांटाला जायचे कारण नाही.

दुसरी आवडती कथा म्हणजे तलवारीची मूठ लहान असते, यावरून पूर्वजांचे हात लहान होते. गंमत अशी की वीस किलो सांगणारा आणि लहान हात सांगणारा पुष्कळदा एकच असतो. मूठ आखूड आहे ती मुद्दाम. तर्जनी मुठीच्या आडव्या दांडीवरून पुढे घ्यायची, उरलेली तीन बोटे मुठीत. मागची वाटोळी चकती मनगटाला टेकते आणि मनगट फार वाकू देत नाही. मग वार मनगटाने होत नाही, खांद्यापासून होतो, आणि नुसता आपटत नाही, ओढला जातो. वाकलेल्या पात्याला तोच वार हवा असतो. चार ओळींत लिहिण्याजोगी ही गोष्ट आहे. ती चिठ्ठीवर लिहिली तर पाहणारा आपली तर्जनी आपोआप वाकवून पाहील आणि तलवारीला हात लावायचे विसरेल. तसेच पात्यावरची लांब खाच. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते, असे मुलांना हमखास सांगितले जाते. शेतातल्या पन्हळीसारखी दिसते म्हणून ही कल्पना निघाली असावी. पण ती असते पाते हलके व्हावे आणि तरी लवू नये म्हणून. हे समजले की मुलाच्या डोळ्यांपुढून रक्त जाते आणि लोहार उभा राहतो.

मोठ्या ठिकाणीही फार निराळे घडते असे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तिकडे गेलेली. लोक दुरून दुरून आले, रांगा लागल्या. वाद झाला तो ही तीच की ती नव्हेत, एवढाच. खुद्द त्या लंडनच्या संग्रहालयाचे म्हणणे आहे की ती शिवाजी महाराजांनीच वापरली होती, हे पडताळून सिद्ध करता येत नाही. वाद व्हायलाच हवा होता. इतिहासात तो टाळता येत नाही. पण चार नख्या, एक पट्टी आणि दोन कड्या एवढ्या सामग्रीतून मिटलेल्या मुठीत दडणारे हत्यार कसे साधले, हे त्या गर्दीत किती जणांनी निरखले? पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळवली. वर्तमानपत्रांनी रक्कम ठळक छापली, सत्तेचाळीस लाखांवर. पात्याची जात बारीक टायपात आली. ते पाते युरोपीय घडणीचे आहे. असल्या तलवारीला आपल्याकडे 'फिरंग' म्हणत, ते याच कारणाने. सातासमुद्रांपलीकडचे पाते, इकडची सोन्याच्या कामाची मूठ आणि पाठीवर देवनागरी अक्षरे. एका तलवारीत दोन मुलखांचे कारागीर एकमेकांना न भेटता एकत्र आले. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही बाब आहे: उत्तम पाते कोठले का असेना, ते पारखून आपल्या हाताला बसवून घेणारे लोक होते आपले. प्रदर्शनात ही गोष्ट सांगितली तर कोणी नाराज होईल, अशी भीती मांडणाऱ्यांना वाटते. मला नाही वाटत. लोक शहाणे असतात. त्यांना सांगावे लागते इतकेच.

ज्याविषयी खरोखर काळजी वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. छबीपुरती तलवार हातात धरण्याची जी हौस प्रदर्शनात दिसते, ती प्रदर्शनाच्या दारात संपत नाही. वाढदिवसाचा केक भर चौकात तलवारीने कापायचा, त्याचे चित्रण सगळ्यांना पाठवायचे, आणि दोन दिवसांनी पोलीस चौकीत आईबापांनी हात जोडून उभे राहायचे, असे प्रकार आपण वरचेवर वाचतो. कायदा जुनाच आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा वर्ग वेगळा काढला आहे. घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योग यांच्यासाठी घडवलेली पाती तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणजे विळी, कोयता, कुऱ्हाड आपली; तलवारीचे तसे नाही. छांदिष्टाने हे पाठ ठेवावे. तलवार म्यानाशिवाय रस्त्याने नेऊ नये, मोटारीच्या मागच्या काचेत मिरवू नये, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याकडेही पाहावे. पण मला कायद्यापेक्षा दुसरेच खुपते. ज्या मुलाने प्रदर्शनात तलवार पाहिली ती नाट्यातल्या शस्त्रासारखी, म्हणजे कोणी केली नाही, कोणी पुसली नाही, नुसती उपसली गेली अशी, त्याने तिने केक कापला तर नवल काय? आम्हीच त्याला तेवढे दाखवले.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला. दहशतीसाठी कोयता हवेत फिरवणारी पोरे. तो शब्द वाचला की माझ्या पोटात तुटते, कारण आमच्याकडे कोयता हे माणूस मोजण्याचे माप आहे. दिवाळी सरली की बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाला विचारतात, 'किती कोयते आणले?' एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी; एकटा आला तर अर्धा कोयता. उचल घ्यायची ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि फेडायचीही तशीच. पहाटे थंडीत फडात शिरायचे, ऊस बुडख्याशी तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. संध्याकाळी कोपीसमोर बसून कानशीने कोयत्याला धार काढताना त्यांना पाहावे. पाते गुडघ्याखाली दाबलेले, धार अंगापासून दूर, कानस एकाच दिशेने. मूल जवळ आले की हात थांबतो. कोणत्या संकेतपुस्तकात हे वाचले त्यांनी?

तो कोयता घडतो कोठे हेही पाहण्यासारखे असते. हंगाम सुरू व्हायच्या सुमारास रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबाचे पाल पडते. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. भात्याच्या जागी आता फिरता पंखा आला आहे. लोखंड म्हणजे मालमोटारीचा टाकून दिलेला कमानपाटा. अटलांटाला जाणारे कारागीर ज्या पोलादाला ५१६० या आकड्याने ओळखतात आणि मोठ्या प्रेमाने वापरतात, तेही कमानपाट्याचेच पोलाद. १९७६ मध्ये अमेरिकेत हाताने पाती घडवणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिच्या परीक्षेत उमेदवाराच्या सुरीने लोंबता दोर एका घावात तुटावा लागतो, लाकडाची जाड फळी तोडल्यावरही तिने हातावरचे केस निघावे लागतात, आणि शेवटी व्हाइसमध्ये धरून ती नव्वद अंशांत वाकवली तरी दुभंगता कामा नये. परीक्षा कठीण आहे, यात शंका नाही. आमच्या घिसाड्याचा कोयता पाच महिने रोज पहाटेपासून ऊस तोडतो. मऊ निघाला तर धार दुमडते, कडक निघाला तर खडा लागून टवका उडतो, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पालापाशी येऊन काय बोलायचे ते बोलते. तापलेल्या पात्याचा रंग पाहून कोणत्या क्षणी पाणी द्यायचे हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. ही परीक्षा कोणी मांडत नाही, हाच काय तो फरक.

मग शस्त्रप्रदर्शनात कोयता का नसतो? संग्राहकांना विचारले तर ते हसतात. 'गुरुजी, तो तर घरोघरी आहे.' घरोघरी आहे म्हणूनच मांडायचा, हे पुण्याच्या दिनकर केळकरांनी पुष्कळ आधी ओळखले होते. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणाऱ्या या माणसाने दिवे जमवले, दौती जमवल्या, आणि अडकित्ते जमवले. आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभ्या केलेल्या राजा केळकर संग्रहालयात ते अडकित्ते पाहावेत: पोपटाचे, घोड्याचे, स्त्रीपुरुषांच्या जोड्यांचे. सुपारी कातरायला एवढी नक्षी कशाला हवी होती, हा प्रश्न तेथे उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला पडत नाही. ती नुसती जवळ जाते आणि पाहते. काचेला हात लागतो तेवढाच. मी कितीतरी वेळा पाहिले आहे, त्या दालनात माणसे आपोआप हळू बोलतात. पाहायचे काय हे त्यांना ठाऊक असते, म्हणून.

आपली खंडेनवमीही वेगळे काय सांगते? त्या दिवशी पाटावर तलवार असेल तर तलवार, नसेल तर विळा, कोयता, अडकित्ता, करवत. सगळ्यांना एकच झेंडूचे फूल. कारखान्यात यंत्रांनाही तोच मान. (जाता जाता छांदिष्टांना एक सूचना: पूजा झाल्यावर ओले हळदकुंकू पात्यावर रात्रभर ठेवू नका. सकाळी देव प्रसन्न आणि पाते गंजलेले.) पाटावर जे शेजारी बसतात त्यांना टेबलावर वेगळे काढायचे कारण मला तरी सापडलेले नाही.

यंदा मी आमच्याकडच्या संयोजकांना एक टेबल मागितले आहे. त्यावर दोन विळ्या, चार अडकित्ते, एक खुरपे आणि तीन कोयते: एक कोरा, एक हंगामभर चाललेला, एक शेवटपर्यंत झिजून सुरीएवढा राहिलेला. एक बोथट केलेले पाते दोरीने बांधून ठेवायचे, ज्याला हात लावायचाच असेल त्याच्यासाठी. आणि इतर टेबलांना जे मिळणार नाही ते या टेबलाला मिळावे, म्हणजे टेबलामागे घडवणारा असावा, एवढा माझा हट्ट आहे. संयोजकांनी आधी अध्यक्षांना विचारतो म्हटले, मग हो म्हटले. कालव्याच्या पुलापाशी पाल टाकलेल्या घिसाड्याला जाऊन विचारले. म्हटले, 'मामा, शिवजयंतीला दोन दिवस येऊन बसाल का? लोक प्रश्न विचारतील, तेवढे सांगायचे.'

त्याने सांडशीतले पाते पाण्यात बुडवले, चर्र आवाज विरेपर्यंत थांबला, मग म्हणाला, 'येतो की गुरुजी. पर बाजाराचा दिवस असला तर न्हाई जमायचं. आन् लोकांनी हात लावला तर चालंल का, त्ये आधी इचारून ठिवा. माझं पातं लोक हातात घेऊनच बघत्यात.'